काटेरी झाडाची हजामत

आमच्या मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार पावलांवर, एक हॉली आहे. तिला झाड म्हणायचं की झुडूप, हे कापायला जाणाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून. आम्ही इंग्लंडात शेफील्डमधलं हे घर घेतलं तेव्हाच ती वरच्या मजल्याच्या खिडकीला टेकली होती, आणि आधीच्या मालकांनी तिला शेवटची कात्री कधी लावली ते त्यांनाच ठाऊक. एका बुंध्याचं सरळसोट झाड असतं तर गोष्ट वेगळी. हिला जमिनीतूनच नऊ खोडं फुटलेली, वर फांद्यांत फांद्या अडकलेल्या, आणि सगळ्यात खालच्या फांद्या मातीला टेकून तिथेच नवी मुळं धरून बसलेल्या. मागच्या फाटकाकडे जाणारी फरशीची वाट तिने अर्धी गिळली होती. कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेताना नवरा अंग चोरून जायचा आणि तरी बाहीवर एखादा ओरखडा घेऊनच परतायचा. माझी तक्रार निराळी. हिवाळ्यात सकाळी नऊलासुद्धा ओट्यावर दिवा लावल्याशिवाय कोथिंबीर कुठली आणि बोटं कुठली कळायचं नाही.

ज्यांनी हॉली फक्त नाताळच्या शुभेच्छापत्रावर पाहिली आहे त्यांना ती गोड वाटते. हिरवी चकाकणारी पानं, लालचुटुक फळं. प्रत्यक्षात ते पान हातात घेऊन बघा. चामड्याएवढं जाड, आणि कडेला दोन्ही बाजूंना तीन ते पाच काटे. तेही एका पातळीत नाहीत. एक वर वळलेला, पुढचा खाली, त्याच्या पुढचा पुन्हा वर. त्यामुळे पान कुठूनही धरलं तरी एक काटा बोटात जातोच. आमच्या गावी खाडीच्या चिखलात मारांडी वाढते, तिची पानं थेट अशी. लहानपणी कुर्ल्या पकडायला उतरलं की पिंढऱ्यांवर तिच्या खुणा घेऊनच घरी यायचं, त्यामुळे हॉलीची आणि माझी ओळख तशी जुनीच म्हणायची.

नवरा निफाडचा. द्राक्षाच्या घरातला. त्याच्या रक्तातच छाटणी आहे, आणि तीही दोन प्रकारची, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. झाड वेडंवाकडं वाढलंय म्हटल्यावर त्याचा निकाल ठरलेला: "खरड छाटून टाकू. एक डोळा ठेवायचा, बाकी सगळं साफ. पुढच्या वर्षी बघ कशी फुटते." त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. हॉली हे कडक छाटणी सोसणारं झाड आहे. इथल्या बागांच्या कुंपणाला लेलँडाय नावाचं जे सुरूच्या जातीचं झाड लावतात ते जुन्या, पानं नसलेल्या लाकडापर्यंत कापलं की संपलं, तिथून पुन्हा फुटत नाही. हॉलीचं तसं नाही. हाताएवढं जाड, बोडकं खोड गुडघ्यापर्यंत कापलं तरी सालीखालचे झोपलेले डोळे जागे होतात.

पण मी अडून बसले. द्राक्षवेल आपली शिदोरी बुंध्यात आणि मुळांत साठवते, छाटणीनंतर त्या साठ्यावरच फुटते. बारमाही हिरव्या झाडाची बरीचशी शिदोरी पानांत असते. सगळी पानं एका दिवशी उतरवली तर झाड मरेलच असं नाही, पण त्याच्या तोंडचा घास काढून घेतल्याशिवाय राहत नाही. दुसरं म्हणजे, समोरच्या घराची न्हाणीघराची खिडकी आमच्या खिडकीसमोर येते आणि दोन्ही घरांची अब्रू या एका झाडाने राखली आहे. तेव्हा ठरलं ते असं: नऊ खोडांपैकी दरवर्षी तीन मुळाजवळ कापायची. तीन वर्षांत सगळं झाड नवं. हप्त्याहप्त्याने. नवऱ्याला हे कर्ज फेडल्यासारखं वाटतं, पण मान्य केलं.

शेजारी एक आजोबा आहेत, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. इथल्या रिवाजाप्रमाणे दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात, तसं मलाही म्हणतात. सुरुवातीला मी दचकायची, आता कुणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं. मी कुंपणापाशी उभी राहून खोडं मोजताना त्यांनी पाहिलं आणि हळूच विचारलं, "पाडणार नाही ना, लव्ह?" हॉली मुळासकट पाडणं इथे अपशकुनाचं मानतात. नाताळात सजावटीला डहाळ्या तोडा, कुंपण नीट करा, त्याला हरकत नाही. पण अख्खं झाड पाडायचं नाही. जुन्या शेतांच्या कुंपणात सगळं एका उंचीवर छाटलेलं असतं आणि मध्येच एखादी हॉली तेवढी वर वाढू दिलेली दिसते, ती त्याचमुळे. ते ऐकून मला बरंच वाटलं. आमच्याकडे उंबरावर कुऱ्हाड चालवायला गडी मिळत नाही. इथेही माणसं तशीच आहेत म्हणायची.

अर्थात आजोबांच्या प्रश्नात नुसता अपशकुन नव्हता. शेफील्डमध्ये झाडाकडे करवत घेऊन निघालं की लोकांच्या कपाळावर आठी येते, आणि त्याला कारण आहे. रस्त्यांच्या देखभालीच्या कंत्राटात इथली हजारो झाडं पाडली गेली, त्यातली कितीतरी धडधाकट होती. 2016 च्या नोव्हेंबरात रस्टलिंग्ज रोडवर तर पहाटे पाचच्या सुमाराला पोलीस बंदोबस्तात लोकांना उठवून, गाड्या हलवायला लावून झाडं पाडली. वयस्कर माणसांना अटका झाल्या. अखेर 2023 मध्ये सर मार्क लोकॉक यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल आला आणि कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, माफी मागितली. त्या रस्त्यावर आमचा रविवारचा फेरफटका असतो. अजून झाडांचा विषय निघाला की लोक चहा थंड होऊ देतात.

म्हणून आधी कागद बघितले. खाजगी अंगणातल्या झाडावरही ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर, म्हणजे झाड राखायचा कौन्सिलचा हुकूम, असू शकते, आणि ती असेल तर परवानगीशिवाय फांदीही तोडता येत नाही. घर कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जतनासाठी राखलेल्या भागात, असेल तर जमिनीपासून दीड मीटरवर 75 मिलिमीटरपेक्षा जाड असलेल्या खोडाला हात लावण्याआधी सहा आठवडे कौन्सिलला लेखी कळवावं लागतं. आमच्या बाबतीत दोन्ही नव्हतं. एवढं कळायला नकाशा बघून एक कप चहा पुरला.

खरा प्रश्न होता कधी कापायचं याचा. इथे मी बरंच डोकं घातलं, कारण हॉलीच्या वर्षात मोकळा वेळच नाही. मे महिन्यात तिला बारीक पांढरी, चार पाकळ्यांची फुलं येतात, तीही गेल्या वर्षीच्या लाकडावर. म्हणजे हिवाळाअखेर काडी कापली की त्या काडीवरची त्या वर्षीची फळं गेलीच. फळं शरदात लाल होतात आणि नाताळापर्यंत शोभतात. कुंपणाच्या हॉलीला आकार द्यायचा असेल तर लोक ऑगस्टच्या सुमाराला कात्री चालवतात. पण मोठी खोडं काढायची तर हिवाळा सरताना, नवी पालवी फुटायच्या आधी. मार्च उजाडला की पक्षी घरटी बांधायला लागतात आणि 1981 च्या वन्यजीव कायद्याने वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा गुन्हा आहे. काटेरी, दाट, बारा महिने हिरवं झाड म्हणजे पक्ष्यांना आयती गढी. मग उरला फेब्रुवारीचा शेवट. फळं पक्ष्यांनी संपवलेली, घरटी अजून नाहीत, आणि हवा अशी की घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त लागतंच.

फळं संपवायचं काम आमच्याकडे एकटाच बघतो. मिसल थ्रश नावाचा पक्षी, आपल्या कस्तुराच्या भावकीतला, मळकट राखाडी, पांढऱ्या छातीवर गडद ठिपके. हा पठ्ठ्या नोव्हेंबरपासून झाडावर हक्क सांगतो. दुसरा कुणी पक्षी फळाकडे वळला की खुळखुळा वाजवल्यासारखा कर्कश आवाज करत त्याच्या अंगावर जातो. स्वतः खातो थोडं आणि राखतो फार. जानेवारीत गोठवणारी थंडी पडली आणि बाहेरून रेडविंग नावाच्या पक्ष्यांचा थवा आला, तेव्हा मात्र त्याचं काही चाललं नाही. दोन दिवसांत झाड साफ. आमच्याकडे राखणदार फणसाच्या झाडाखाली झोपतो आणि माकडं वरून खातात, त्याची आठवण झाली आणि मी एकटीच हसले.

आमची हॉली मादी आहे, हे फळांवरून उघडच. हॉलीत नर झाड वेगळं, मादी वेगळी. परागकण मधमाश्या आणतात, पण नर कुठेतरी जवळपास असावा लागतो. आमचा नर कुणाच्या अंगणात आहे याचा तपास मी अजून लावते आहे. आजोबांच्या दारातल्या पिवळ्या कडेच्या हॉलीवर माझा संशय होता. तिचं रोपवाटिकेतलं नाव 'गोल्डन किंग'. पण ती निघाली मादी. आणि 'सिल्व्हर क्वीन' नावाची जी जात आहे ती नर. नावं ठेवणाऱ्यांनी बारसं घाईत उरकलेलं दिसतंय.

तर मुद्द्यावर येते.

अंगावर काय घालावं हे पहिल्या पाच मिनिटांतच झाड शिकवतं. लोकरीचा स्वेटर अजिबात नको, पान त्यात अडकलं की सुटत नाही. पावसाळी जाकीट, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. हातात कोपरापर्यंतचे जाड चामड्याचे मोजे, गुलाबाच्या बागेत वापरतात तसले. डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्यावर वर्कशॉपमधला प्लास्टिकचा गॉगल, कारण फांदी ताणून सोडली की ती कुठे जाईल ते तिलाच माहीत. नवऱ्याने क्रिकेटचं हेल्मेट सुचवलं. मी दुर्लक्ष केलं.

हत्यारं तीन. अंगठ्याएवढ्या काडीला छाटणीची कात्री, जी निफाडहून आली आहे आणि जिला नवरा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. त्याहून जाड फांदीला लांब दांड्यांची दोन हातांनी चालवायची कात्री. आणि खोडाला वाकड्या पात्याची करवत, जी ओढताना कापते. शेफील्डला राहून हत्यार बाहेरचं घेणं म्हणजे कोल्हापुरात राहून चपला ऑनलाइन मागवण्यासारखं, तेव्हा मोठी कात्री इथलीच, बर्गन अँड बॉलची. 1730 पासूनची कंपनी, मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्र्यांसाठी प्रसिद्ध.

बाहेरून कापायला सुरुवात केली तर हॉली जिंकते. बाहेर सगळी पानं, म्हणजे सगळे काटे. आतून मात्र झाड पोकळ असतं. उजेड पोचत नाही, तिथे पान टिकत नाही. म्हणून आधी खालच्या, मातीला टेकलेल्या फांद्या काढल्या, त्यांची मुळं कुदळीने उपटली, आणि मग पोटावर सरपटत आत शिरले. आतलं दृश्य मला अपेक्षित नव्हतं. गुळगुळीत राखाडी सालीची खोडं, मध्ये उभं राहण्याइतकी जागा, आणि हिरवट अंधार. कुणाचा तरी जुना टेनिस बॉल, कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा, आणि एक रिकामं घरटं, ज्याला मी हात लावला नाही. आतून बघितलं की कळतं कुठलं खोड कशाला आहे. कुठलं उजेडासाठी भांडून वाकलंय, कुठलं दुसऱ्याच्या सालीवर घासून जखम करतंय, कुठलं आधीच वाळलंय. वाळलेलं आधी काढायचं, त्यावर वाद नसतो. मग घासणारं. तेवढ्यानेच खिडकीपाशी उजेडाची एक पट्टी आली आणि आतून नवऱ्याने काचेवर टकटक करून अंगठा दाखवला.

मोठं खोड कापायची एक रीत आहे आणि ती पाळली नाही तर साल फाटते. हव्या त्या जागेच्या हातभर वर, खालच्या बाजूने आधी तिसरा हिस्सा कापून घ्यायचा. मग त्याच्या थोडं पुढे वरून कापायचं. भाराने फांदी मोडते ती त्या खालच्या चिरेपर्यंतच, साल सोलत खाली येत नाही. आता उरलेला ठोंब हलका असतो, तो निवांत कापायचा. फांदी मोठ्या खोडाला मिळते तिथे साल जराशी फुगलेली, सुरकुतलेली असते. तो फुगवटा राखून त्याच्या अगदी बाहेर काप घ्यायचा. नवी साल तिथूनच येऊन जखम झाकते. जखमेवर डांबर किंवा रंग लावायची पद्धत पूर्वी होती, आता कुणी सांगत नाही, झाड आपलं आपण बघतं. नवऱ्याला हे पटेना. द्राक्षाच्या कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावल्याशिवाय त्याच्या घरात कुणी जेवत नसे. त्याने दोनदा विचारलं, "नक्की काहीच लावायचं नाही?" नाही.

लाकूड बघून मात्र दोघंही गप्प झालो. इतकं पांढरं लाकूड मी आधी पाहिलं नव्हतं. रेषा जवळजवळ दिसतच नाहीत, आणि छोटा तुकडासुद्धा हाताला जड लागतो. बुद्धिबळाच्या पांढऱ्या सोंगट्या, फर्निचरवरची जडवाची नक्षी, चालायच्या काठ्या, असं बारीक काम या लाकडात करत आले आहेत. हिच्या सालीचा दुसरा उपयोग कमी लाजिरवाणा असता तर बरं झालं असतं: साल उकळून, कुजवून त्याचा चिकट लगदा करायचे आणि तो फांद्यांना फासून पक्षी पकडायचे. आपल्याकडे वडाच्या चिकाने हेच करत.

वरच्या फांद्या खाली आल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. शेंड्याकडच्या पानांना काटेच नव्हते. टोकाला एक तेवढा, बाकी कडा साफ. त्याच झाडाची खालची पानं बोट लावू देत नाहीत. हरणं, शेळ्या पोचतील तेवढ्या उंचीपर्यंत शस्त्रं, वर कशाला उगीच खर्च. नुसती उंची हे कारण नाही. कुठलं पान काटेरी होणार हे जनावरांनी फांदी किती खुडली त्यावर बदलतं. 2013 मध्ये स्पेनमधल्या दोन संशोधकांनी दाखवलं की एकाच फांदीवरच्या काटेरी आणि बिनकाट्याच्या पानांत डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणाही, म्हणजे जनुकांचं काम बदलू शकणाऱ्या रासायनिक खुणा, वेगळ्या असतात. म्हणजे वार झाला की झाड तो लक्षात ठेवत असावं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती की आपण कापल्यावर येणारी पालवी कशी असेल.

आणि वरची मऊ पानं वाया जात नसत. आमच्या या डोंगराळ भागात हिवाळ्यात गवत संपलं की हॉलीच्या वरच्या फांद्या तोडून मेंढ्यांना घालत. 1637 मध्ये जॉन हॅरिसनने शेफील्डच्या जहागिरीची मोजणी केली, तिच्यात मेंढ्यांच्या चाऱ्याची हॉली भाड्याने दिल्याच्या नोंदी आहेत. ज्या झाडाशी मी झटापट करत होते त्याच्या डहाळ्यांवर चारशे वर्षांपूर्वी याच गावात कुणाचं तरी भाडं थकत असेल. माझ्याकडे मेंढ्या नव्हत्या. माझ्याकडे होता बागेच्या कचऱ्याचा एक डबा, आणि त्याची गाडी येते पंधरवड्याने.

छाटणीवर लिहिणारे इथे येऊन थांबतात, म्हणून मी इथेच जास्त लिहिते. कापणं हे काम नव्हेच. हॉली कापायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट ती अंगणातून बाहेर काढायला लागतो. काटेरी फांद्या एकमेकींत अडकतात, दाबल्या तरी दबत नाहीत. डब्यात चार फांद्या टाकल्या की डबा भरला, आणि तरी नुसती हवाच भरलेली. मी एकेक फांदी कात्रीने वीतभर तुकडे करत, जमिनीवर अंथरलेल्या जुन्या चादरीवर टाकत गेले. मार्चचे कितीतरी शनिवार त्यातच गेले. जाड लाकूड वेगळं रचलं. गावाला असते तर बाकी सगळं बंबात गेलं असतं आणि आठवडाभर पाणी तापलं असतं. इथे ते गाडीच्या डिकीत भरून कौन्सिलच्या टाकाऊ मालाच्या केंद्रावर नेलं. डिकीच्या गालिच्यात अजून काटे सापडतात. परवा विमानतळावरून आलेल्या पाहुण्यांना सापडला.

गळलेली पानं ही वेगळीच शिक्षा. हॉलीचं पान वाळलं तरी काटा वाळत नाही, उलट कडक होतो, आणि कुजायला फार वेळ घेतं. झाडाखाली उघड्या हाताने गवत उपटायला बसायचं नाही, हा नियम घरात आता लेखी आहे. पण त्या पानांचा एक उपयोग सापडला. इथले जुने बागवान मटार पेरताना चरात हॉलीची चुरलेली पानं टाकतात, उंदरांनी दाणे उकरू नयेत म्हणून. आमचा शत्रू उंदीर नव्हे, दोन घरं सोडून राहणारी एक जाडी मांजर. मी मेथी पेरली की माती मऊ झाली आहे ही बातमी तिला कोण देतं देव जाणे, संध्याकाळपर्यंत वाफ्यात तिचा कार्यक्रम उरकलेला असतो. यंदा मेथीच्या दोन ओळींच्या मध्ये हॉलीच्या डहाळ्या अंथरल्या. मांजर आली, एक पंजा ठेवला, तो उचलून झटकला, माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका, आणि कोथिंबिरीच्या वाफ्याकडे गेली. तिथे डहाळ्या पुरल्या नव्हत्या.

आईला व्हिडिओ कॉलवर सगळं अंगण फिरवून दाखवलं. कापलेला ढीग बघून ती हळहळली. "अगो, असलं काटेरी झाड तोडतंय कोण! आगराच्या गडग्याला लाव. गुरं काय, माणूस शिरायचा नाही."

"आई, इथे गुरं नाहीत."

"मग चोर तरी असतील."

यावर मला उत्तर सुचलं नाही. इथले पोलीसही घराच्या खिडक्यांखाली काटेरी झुडपं लावायचा सल्ला देतात, हे मी तिला सांगितलं नाही. तिने वर्षभर ऐकवलं असतं.

आता जून आहे. कापलेल्या तीन ठोंबांच्या बुंध्याशी मी खत आणि पालापाचोळ्याचा थर दिला होता, कोरड्या आठवड्यांत पाणी घातलं. एप्रिलमध्ये काहीच दिसेना तेव्हा नवरा 'खरड छाटली असती तर' असं नुसत्या भुवयांनी बोलत होता. मेच्या मध्याला सालीवर बारीक लालसर टिंबं आली, आणि पंधरा दिवसांत ठोंबाभोवती पालवीचे झुबके. एवढ्या कोवळ्या पानाचे काटे मऊ असतात, गालाला लावले तरी टोचत नाहीत. पण आकार पूर्ण आहे, संख्या पूर्ण आहे, महिन्याभरात कडक होतील. आणि हो, शेंड्याच्या पानांसारखं सरळ कडेचं एकही नाही. सगळी पाच-पाच काट्यांची. सगळी ठेवायची नाहीत. दर ठोंबावर दोन-तीन जोमदार फुटवे राखून बाकीचे काढून टाकते आहे, नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा हेच.

उरलेल्या सहा खोडांवर मेमध्ये फुलं आली, मधमाश्या आल्या, म्हणजे नाताळाला डहाळ्या मिळतील आणि मिसल थ्रशची जहागीर आकसली तरी बुडाली नाही. काही जुन्या पानांवर पिवळट तपकिरी वेडेवाकडे डाग आहेत. ते पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहणाऱ्या एका माशीच्या अळीचे, हॉली लीफ मायनर. दिसायला वाईट, झाडाला फारसं काही होत नाही, म्हणून मी फवारणी वगैरेच्या भानगडीत पडले नाही. एप्रिलअखेर फिकट निळी फुलपाखरं कळ्यांवर घुटमळत होती, ती हॉली ब्लू. त्यांची वसंतातली पिढी हॉलीवर अंडी घालते, उन्हाळ्यातली आयव्हीच्या वेलावर. आयव्ही आजोबांच्या भिंतीवर भरपूर आहे, तेव्हा त्यांचा संसार दोन अंगणांत मिळून चालतो.

आजोबांनी एक सरळ फांदी मागून घेतली होती, काठीसाठी. ती त्यांच्या शेडमध्ये आडवी ठेवून वाळते आहे. वर्षभर हात लावायचा नाही म्हणाले, घाई केली की तडकते.

पुढच्या फेब्रुवारीत कुठली तीन खोडं जाणार यावर घरात अजून एकमत नाही. डबे नवरा नेतो, म्हणून त्याला वाटेवरची तीन आधी हवीत. ओट्यापाशी मी उभी असते, म्हणून मला खिडकीसमोरची. यंदा दोन माझ्या बाजूची गेली आणि एक त्याच्या, हे तो विसरलेला नाही. शिवाय समोरच्या न्हाणीघराची खिडकी आता एका कोपऱ्यातून दिसायला लागली आहे. त्या बाईंनी मागच्या आठवड्यात पडदा लावला.